ग्रुप हाइकवरून आलं की कुत्रं दर उन्हाळ्यात आडवं पडतं? आमच्याकडे तीन वर्षं हेच चाललं होतं

दर मार्चमध्ये आमच्याकडे हीच कटकट सुरू व्हायची म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कारण या प्रश्नावर सगळीकडे तीच तीन उत्तरं मिळतात, पाणी जास्त पाजा, लवकर न्या, कूलिंग जॅकेट (ओलं करून कुत्र्याला घालायचं) घ्या. आम्ही तिन्ही केलं, जॅकेटला तर चांगले पैसे मोजले, आणि फरक काडीचा नाही.

बुंदी म्हणजे आमची लॅब्रेडॉर (लॅब) कुत्री, साडेसहा वर्षांची, तेव्हा वजन 34 किलो, म्हणजे असायला हवं त्यापेक्षा चार-पाच किलो जास्तच होतं, मान्य आहे. आम्ही पुण्यात हडपसरला राहतो. दर रविवारी एक ग्रुप हाइकवाले पहाटे व्हॅनने घरून घेऊन जातात, मुळशीकडच्या डोंगरात सात-आठ किलोमीटर चालवतात आणि दुपारच्या आत घरी आणून सोडतात, आठ-दहा कुत्री आणि त्यांना सांभाळायला दोन मुलं. सासूबाईंचं अजूनही म्हणणं आहे की कुत्र्याला डोंगर दाखवायला पैसे देणारे तुम्हीच, पण ते असो.

जून ते फेब्रुवारी एक तक्रार नाही. घरी येते, जेवते, घोरते. मार्च लागला की मात्र शेवटच्या किलोमीटरला बसकण मारते, उठवलं की चार पावलं टाकते आणि परत बसते, घरी आली की पाण्याचं भांडं एका दमात रिकामं करते आणि दहा मिनिटांत तेच पाणी फेसासकट फरशीवर. संध्याकाळी जेवायला तोंड लावत नाही. सोमवारी सकाळी एकदम ठणठणीत. आणि हाच घोळ आहे बघा, सोमवारी ठणठणीत असते म्हणून आपण विसरतो आणि पुढच्या रविवारी परत त्याच व्हॅनमध्ये बसवतो.

आधी एक सांगते, तुमचं कुत्रं जर घरी आल्यावरही तासभर धापा टाकत असेल, मागचे पाय लटपटत असतील, हिरड्या गडद लाल किंवा उलट पांढुरक्या दिसत असतील, लाळ घट्ट दोऱ्यासारखी लोंबत असेल किंवा शीतून रक्त जात असेल तर हे पुढे वाचत बसू नका, खाली तातडीचं लिहिलंय तिथे जा आणि डॉक्टर गाठा. हे बाकीचं सगळं सोमवारी बरी होणाऱ्यांसाठी आहे.

डॉक्टरांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे रक्त तपासलं. मला वाटलं होतं उगाच खर्च, पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पुण्यात गोचीड ताप इतका कॉमन आहे की लवकर दमणारं, न जेवणारं कुत्रं उन्हामुळेच तसं झालंय असं समजून आपण महिनाभर घालवतो आणि तिकडे प्लेटलेट्स खाली गेलेल्या असतात. आमचे रिपोर्ट क्लीन आले. मग हृदय ऐकलं, घसा ऐकला. वय झालेल्या लॅबमध्ये घशातला श्वासाचा दरवाजा नीट उघडेनासा होतो, त्याला घोगरा, करवतीसारखा श्वास येतो आणि आवाजही बदलतो, अशा कुत्र्याला उन्हात चालवणं म्हणजे सरळ धोका. तेही नव्हतं. शेवटी डॉक्टर म्हणाले वजन कमी करा आणि हाइकवर नक्की काय होतं ते स्वतः जाऊन बघा. दुसरी गोष्ट मी तीन वर्षांत एकदाही केली नव्हती, लाज वाटते सांगायला.

लंगडणं वेगळं धरा हां. बऱ्याच जणांचं कुत्रं शेवटी बसतं ते उष्णतेने नाही तर पायाने. उन्हाळ्यात आपल्या टेकड्यांवर वाळलेलं गवत असतं, त्याची कुसळं बोटांच्या मधल्या खाचेत शिरतात आणि एकदा शिरली की पुढेच सरकतात, मागे येत नाहीत. प्रत्येक हाइकनंतर बोटं फाकवून बघायचं, कानातही बघायचं. आणि कातळ. आपला सह्याद्रीचा काळा दगड नऊ-साडेनऊनंतर असा तापतो की आपण बूट घालून चालतो म्हणून कळत नाही. हाताची मागची बाजू जमिनीला सात सेकंद टेकवून बघा, टेकवता आली नाही तर पंजेही टेकवायचे नाहीत. डांबर तर त्याहून वाईट, हवेत 25 अंश सेल्सिअस असताना ऊन खाल्लेलं डांबर 50 च्या पुढे गेलेलं असतं. बुंदीचे तळवे ठीक होते, म्हणून मी पाय हा मुद्दा सोडला.

मग मी एक साधा प्रयोग केला. एका रविवारी व्हॅनला नाही म्हटलं, आमच्या गाडीने एसी लावून वेताळ टेकडीवर गेलो, सात वाजता चालायला सुरुवात, मुद्दाम सात किलोमीटरच चाललो, चढ-उतारही भरपूर. वेताळ टेकडी म्हणजे काही मुळशीपेक्षा थंड नाही, झालं तर उलटच. बुंदी मजेत. खाणीपाशी बसून पाणी प्यायली, घरी आली, पोळी मागितली.

म्हणजे चालणं, अंतर, ऊन, वजन हे सगळं तेच होतं आणि तरी ती बसली नाही. मग उरलं काय? ग्रुप आणि व्हॅन.

पुढच्या रविवारी मीच व्हॅनमध्ये बसले. आम्ही पूर्वेच्या टोकाला, डोंगर पश्चिमेला, त्यामुळे आमचा पिकअप सगळ्यात पहिला, सव्वापाचला. मग कोरेगाव पार्क, मग औंध, बाणेर, पाषाण, प्रत्येक ठिकाणी पाच-सात मिनिटं, कोणीतरी पट्टा विसरलेला, कोणाचं कुत्रं अजून शीला गेलेलं नाही, आणि दर नवीन कुत्रं चढलं की आधीच्या सगळ्यांनी मिळून जो काही दंगा करायचा तो करायचा. पिरंगुटच्या पुढे जाऊन उतरलो तेव्हा सात वाजून दहा मिनिटं. म्हणजे बुंदी दोन तास त्या डब्यात होती.

आणि एसी चालू होता! हेच तर. ड्रायव्हरला हुडहुडी भरत होती. पण मध्ये जाळी, जाळीला लागून एकावर एक रचलेले पिंजरे, त्यावर टॉवेल टाकलेले म्हणजे कुत्री एकमेकांना बघून भुंकू नयेत म्हणून, आणि या सगळ्याच्या मागे हवा पोचतच नव्हती. मी मागे हात घातला तर तिथली हवा दमट, कोमट, भाताच्या कुकरचं झाकण काढल्यावर येते तशी. नऊ कुत्री ल्हाल्हा करतायत म्हणजे नऊ तोंडांतून वाफ बाहेर पडतेय. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या तळव्यांना काय थोडाफार येतो तेवढाच, बाकी सगळी भिस्त जिभेवर आणि श्वासावर, तिथलं पाणी उडून जातं तेव्हा अंग थंड होतं. भोवतीची हवाच दमट असेल तर पाणी उडणार कसं? मग ते अजून जोरात धापा टाकतं आणि धापा टाकायलाही स्नायू लागतात, म्हणजे उलट आणखी गरम.

दार उघडलं आणि बुंदी बाहेर आली तो क्षण माझ्या डोक्यात बसलाय. एक पाऊल चालली नव्हती आणि जीभ टोकाला पसरून कालथ्यासारखी चपटी झालेली, डोळे मोठे, कान मागे. मी डिजिटल थर्मामीटर नेलं होतं, शेपटी उचलून लावलं. घरून निघताना 101.4 फॅरनहाइट होतं, आता 102.9. कुत्र्यांचं नॉर्मल 101 ते 102.5 समजा. म्हणजे आजारी नाही, पण चढ सुरू व्हायच्या आधीच तिच्या हातात असलेली सवलत संपलेली. ग्रुपमधल्या दादाला दाखवलं तर तो म्हणाला ताई ती एक्साइट झालीय, दर वेळी अशीच असते. खरं होतं त्याचं. दर वेळी तशीच असणार.

पावसाळ्यात तीच व्हॅन, तेच पिंजरे, मग तेव्हा का नाही होत? कारण उतरल्या उतरल्या अंगावर पाऊस, वारा आणि दर शंभर पावलांवर ओहोळ, पोट बुडवलं की झालं. थंडीत बाहेरची हवाच गार, सगळे खिडक्या किलकिल्या ठेवतात. मार्चनंतर मात्र ही उसनी घेतलेली उष्णता परत फेडायला जागाच मिळत नाही.

दुसरा भाग चालताना दिसला. पुढे एक बीगल आणि दोन इंडी म्हणजे आपली देशी कुत्री, तिघंही हलकी, वाऱ्यासारखी पळणारी. लॅब हे एकटं असताना दमलं की थांबतं, पण ग्रुपमध्ये थांबत नाही, पुढच्याच्या शेपटीला चिकटून जातं, थांबणं त्याला कळतच नाही म्हणा ना. ब्रेक घेतले जात होते, पण ते पुढचे थांबले की. मागची दोन-तीन पोचेपर्यंत पुढच्यांचं पाणी पिऊन झालेलं आणि परत चला. म्हणजे सगळ्यात जाड, सगळ्यात दमलेल्या कुत्र्याला सगळ्यात कमी विश्रांती! आणि पाणी कितीही नेलं तरी ते प्यायला थांबावं लागतं हे आम्ही विसरलो होतो, आम्ही नुसती बाटली मोठी करत गेलो.

माझा दीर सॅन फ्रान्सिस्कोला असतो, त्याला सांगितलं तर तो म्हणाला तिकडे पैसे घेऊन चार किंवा त्याहून जास्त कुत्री एकदम फिरवायची तर 2013 पासून शहराचं परमिट लागतं आणि आठच्या वर नेताच येत नाहीत. मला आकड्यापेक्षा त्यामागचा विचार पटला, एका माणसाला एका वेळी किती जिभांकडे लक्ष देता येईल याला काहीतरी मर्यादा आहेच. मला विचाराल तर उन्हाळ्यात एका माणसामागे चार, आणि त्यातला एक माणूस सगळ्यात मागे चालणारा, पुढे दोघं नकोत.

तिसरी गोष्ट परतीची वाट. चढ सकाळी सावलीच्या अंगाने आणि उतार पूर्वेकडच्या उघड्या सोंडेवरून, साडेनऊचं ऊन थेट तोंडावर, खाली काळा कातळ, झाड म्हणून करवंदाच्या जाळ्या. बुंदी जिथे दर वेळी बसते तो हाच पट्टा. तिथे थर्मामीटर लावलं तर 104.8. आता हा आकडा बघून घाबरू नका, धावून आलेल्या धडधाकट लॅबचं तापमान इतकं जाऊ शकतं आणि ते मजेत शेपूट हलवत असतं. बघायचं ते दोन गोष्टी, कुत्रं वागतंय कसं, आणि थांबल्यावर पारा किती पटकन उतरतो. वेताळ टेकडीनंतर ती दहा मिनिटांत पूर्ववत. इथे सावलीत बसवून, पोटाला आणि मांड्यांना पाणी लावून वीस मिनिटांनी 103.6, आणि परत त्याच व्हॅनमध्ये बसायचं होतं.

तर आम्ही काय बदललं ते.

सगळ्यात मोठा फरक पडला पिकअपने. आता आम्ही बुंदीला आमच्या गाडीने पाषाणला आणून सोडतो, ती व्हॅनमध्ये शेवटची चढते, दोन तासांऐवजी पंचवीस-तीस मिनिटं. रविवारी साडेपाचला उठून पाषाणला जायला नवरा कुरकुर करतो, त्याला चहा आणि क्रीमरोल लागतो, पण हा एकच बदल केला त्या रविवारी ती शेवटपर्यंत चालली. दुसरं, ग्रुपवाल्यांनी पिंजरे एकावर एक रचणं बंद केलं, टॉवेल काढले आणि जाळीला मागे हवा ढकलणारे दोन छोटे पंखे लावले. त्यांनी ऐकलं हे त्यांचं कौतुक, नाहीतर बरेच जण आमची व्हॅन फुल एसी आहे म्हणून फोन ठेवतात. तुम्ही विचाराल तेव्हा एसी आहे का असं विचारूच नका, सगळ्यात मागच्या पिंजऱ्यापाशी थर्मामीटर लावून फोटो पाठवा म्हणून सांगा.

तिसरं, उतरल्यावर लगेच चालायचं नाही. दहा मिनिटं झाडाखाली, पट्ट्यावर, शी-शू, हुंगणं, पाणी. धापा थांबल्याशिवाय कोणी निघायचं नाही, सगळ्यांची थांबेपर्यंत, एकट्या बीगलची नव्हे. आणि परतायचं ते जागा बघून नाही, घड्याळ बघून. आधी शेवटच्या देवळापर्यंत जाऊन परत असं असायचं, आता मार्च-एप्रिलमध्ये आठला जिथे असू तिथून मागे. देवळातला देव काही म्हणत नाही.

पाण्याचं एवढंच, दर पंधरा मिनिटांनी थोडं थोडं, आणि घरी आल्यावर भांडं भरून समोर ठेवायचं नाही. तीच उलटी व्हायची, घटाघटा प्यायलेलं पाणी. आता अर्धी वाटी, पाच मिनिटं, परत अर्धी वाटी. जेवण घरी आल्यावर तास-दीड तासाने, हाइकच्या आधी तर भरल्या पोटी अजिबात नाही, मोठ्या छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पिळा पडतो तो प्रकार जिवावरचा असतो. साधं पाणी पुरतं, इलेक्ट्रॉलची गरज पडली नाही आम्हाला. आणि मसाला ताक वगैरे देऊ नका प्रेमाने.

जॅकेट आता कपाटात आहे. ते ओलं आणि वाऱ्यावर असेल तोवर ठीक, वाळलं की नुसतं ऊबदार स्वेटर, आणि बंद व्हॅनमध्ये तर ओलं असूनही उपयोग नाही, कारण तीच कथा, पाणी उडायला हवा कोरडी हवी. हस्की, गोल्डन, जर्मन शेफर्डवाले उन्हाळ्यात केस भादरून आणतात तेही करू नका, विंचरून आतली लव काढा, वरचे केस उन्हापासून वाचवतात. आणि ग्रुपमध्ये भांडणं होतात म्हणून कोणी कापडी मुसकं घालत असेल तर ते पहिलं काढायला लावा, तोंड बंद म्हणजे कुत्र्याचा पंखाच बंद. घालायचंच तर जाळीचं, ज्यात पूर्ण तोंड उघडून ल्हाल्हा करता येतं.

पग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झूवाल्यांनो, तुमच्यासाठी यातलं काहीच नाही. मार्च ते पाऊस पडेपर्यंत ग्रुप हाइक बंद, विषय संपला.

आता तातडीचं, हे मात्र नीट वाचा. ब्रिटनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या व्हेटकंपास (प्राण्यांच्या दवाखान्यांतल्या नोंदी अभ्यासणाऱ्या) प्रकल्पात तिथल्या उष्माघाताच्या केसेस तपासल्या होत्या, 2020 मध्ये आलं ते, त्यात साधारण चारातल्या तीन केसेस गाडीत कोंडल्याने नव्हे तर व्यायामाने झालेल्या होत्या. तेही ब्रिटनमध्ये, आपल्याकडच्या उन्हाचं काय सांगावं. (गाडीचंही सांगून ठेवते, काच किलकिली ठेवली तरी फारसा फरक पडत नाही आणि तासाभरात आत जेवढं तापतं त्यातलं बरंचसं पहिल्या अर्ध्या तासातच तापतं, त्यामुळे दोन मिनिटांत येतो हे म्हणूच नका.)

कुत्रं कोसळलं किंवा लटपटायला लागलं की आधी गार करायचं आणि मग गाडीत घालायचं. उलट नाही. मुळशीतून पुण्यातल्या दवाखान्यापर्यंत तास जातो, तो तास अंग तापलेलंच राहिलं तर दवाखान्यात पोचून उपयोग नाही. जवळ असेल तेवढं पाणी, तहानेसाठी ठेवलेलं आपलंसुद्धा, मान, छाती, पोट, मांड्या असं ओतत राहायचं आणि टोपीने, पुठ्ठ्याने, कशानेही वारा घालायचा. तरुण, धडधाकट कुत्रं असेल आणि ओढा किंवा टाकी जवळ असेल तर सरळ गार पाण्यात, डोकं वर धरून. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवायचा नाही, तो दोन मिनिटांत गरम होऊन उष्णता आतच कोंडतो, अंगाखाली घातला तर चालेल. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, श्वासात जातं. 103.5 ला आलं की गार करणं थांबवा, नाहीतर पारा खूप खाली जातो, आणि एसी लावून निघा. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम काही द्यायचं नाही, हा ताप नव्हेच, त्या गोळीने तो उतरत नाही आणि कुत्र्याला विषबाधा होऊ शकते ती वेगळी. आणि उठून शेपूट हलवायला लागलं तरी डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचंच, किडनी आणि रक्त गोठण्याचा घोळ एक-दोन दिवसांनीही वर येतो.

आमच्या ग्रुपच्या मुलांच्या बॅगेत आता एक थर्मामीटर आणि पाच लिटरचा जादा कॅन असतो, तो पिण्याचा नाही, ओतण्याचा. कॅनवर मार्करने तसं लिहिलंय, कारण पहिल्या रविवारी एका काकांनी त्यातलं पाणी हात धुवायला वापरलं.

यंदा एप्रिलच्या मध्यापर्यंत बुंदी एकदाही बसली नाही. वजन 30.5 वर आलंय. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून आम्ही स्वतःच बंद केलं, वळवाचे ढग जमायला लागले की पहाटेही हवा चिकट होते आणि मग कितीही लवकर निघा. जूनमध्ये परत सुरू करताना पहिले दोन-तीन आठवडे अर्धंच अंतर ठेवणार आहोत, महिना-दीड महिना घरी लोळलेल्या कुत्र्याला परत सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच.

एक प्रॉब्लेम मात्र सुटलेला नाही. हाइक बंद आहे हे हिला कळत नाही, रविवारी पावणेपाचला पट्टा तोंडात धरून दाराशी उभी राहते आणि नवऱ्याची चप्पल बाहेर ढकलते. सध्या शिळ्या भाकरीचे तुकडे गच्चीभर लपवून ठेवतो आणि तिला शोधायला सोडतो, वीस मिनिटं जातात त्यात, मग येऊन बाथरूमच्या ओल्या फरशीवर पोट टेकून झोपते. कोणाकडे याच्यावर दुसरं काही असेल तर सांगा.